हक्काची मतं, नवी मतं

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते : अमेरिकेत पक्षाचा उमेदवार श्रेष्ठी ठरवत नाहीत, मतदार ठरवतात, आणि त्यासाठी आधी वेगळी निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. माशेलच्या बाजारात भाजी घेताना एकाने मला थांबवून विचारलं, "बाई, म्हणजे तिकीट लोक देतात?" तेव्हा या वेळचं पान याच विषयाला देते.

प्रश्न : माझा मुलगा न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो. आता तो तिथला नागरिक आहे. २०२५ च्या जूनमध्ये महापौरपदासाठी ममदानी उभे होते, त्यांना मत द्यायला तो उत्साहाने गेला. यादी पाहून त्याला सांगितलं की या निवडणुकीत तुम्हाला मत नाही. नागरिक आहे, यादीत नाव आहे, तरी मत नाही, हे कसं?
– एक आई, म्हापसा

ताई, सगळा घोटाळा अर्जातल्या एका रकान्याचा आहे. न्यूयॉर्कमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना विचारतात, तुम्ही कोणत्या पक्षाचे? डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, एखाद-दुसरा लहान पक्ष, किंवा 'कुठलाच नाही'. आपल्याकडून गेलेल्या मुलांना हा प्रश्न अंगावर येतो. सरकारी कागदावर पक्ष लिहायचा? आपण मत कोणाला दिलं हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. म्हणून पुष्कळ जण 'कुठलाच नाही'वर खूण करून मोकळे होतात. तुमच्या मुलाने तेच केलं असणार.

पण जूनची ती निवडणूक म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती, आणि न्यूयॉर्कची प्रायमरी बंद दाराची आहे. यादीत ज्याच्या नावापुढे तो पक्ष आहे, त्यालाच त्या पक्षाचा उमेदवार निवडता येतो. नावापुढचा पक्ष बदलायची मुदत २०२५ मध्ये १४ फेब्रुवारीला संपली आणि मतदान झालं २४ जूनला. प्रचार रंगात आला तोवर दार केव्हाच लागलं होतं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र त्याला इतरांसारखंच मत होतं. पुढच्या वेळेसाठी त्याला आजच त्या रकान्याची आठवण करून द्या.

असं होणारा तो एकटा नाही हेही सांगा. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प न्यूयॉर्कच्या प्रायमरीत उभे होते तेव्हा त्यांची मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक यांना वडिलांना मत देता आलं नाही. त्यांच्या नावापुढे रिपब्लिकन पक्ष नव्हता, आणि तो लावून घ्यायची मुदत मतदानाच्या सहा महिने आधी, ९ ऑक्टोबर २०१५ ला संपली होती. हा सहा महिन्यांचा नियम पुढे सैल झाला, म्हणून आता फेब्रुवारी.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट उलगडून सांगते. तिथे 'पक्षाचा मतदार' म्हणजे पक्षाचा सभासद नव्हे. वर्गणी नाही, बैठका नाहीत, काम नाही. कागदावर एक खूण, एवढंच. आणि बहुतेक राज्यांत हे मतदान पक्षाचं कार्यालय घेत नाही, सरकारी यंत्रणा घेते. बरं, प्रत्येक राज्याचं दार वेगळं. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षात नाव नसलेला माणूस मतदानाच्या दिवशी हव्या त्या एका पक्षाची मतपत्रिका मागून घेऊ शकतो. मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया इथे नावापुढे पक्ष लिहायची पद्धतच नाही. कॅलिफोर्नियात लोकांनीच २०१० मध्ये कौल देऊन ठरवलं की राष्ट्राध्यक्षपद सोडून बाकीच्या मोठ्या पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असावेत आणि पहिले दोन पुढे जावेत.

उमेदवार हक्काच्या मतदाराशी बोलतो की नव्याशी, हे आधी या दारावर ठरतं. मी वर्गात मुलांना हेच सांगायचे : भाषण ऐकण्याआधी सभागृहात कोणाला येऊ दिलंय ते पाहा.

ममदानींचं तुमच्या मुलाला का आवडलं असेल याची मला कल्पना आहे. दार बंद असलेल्या त्या सभागृहात जी माणसं आत असूनही त्यांना कोणी विचारत नव्हतं, त्यांच्याशी ते बोलले. हिंदी-उर्दूत व्हिडिओ काढला आणि पसंतीक्रमाने मत कसं द्यायचं हे आंब्याच्या लस्सीचे पेले मांडून समजावलं. घरभाडं वाढू देणार नाही, बस फुकट करू, असे रोजच्या जगण्याचे विषय घेतले. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्यासारख्या जुन्या, नामांकित माणसाला त्यांनी हरवलं. नवा मतदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या पक्षातून फोडून आणलेला माणूस येतो. यादीत वर्षानुवर्षं नाव असून एकदाही न आलेला माणूसही नवाच असतो.

प्रश्न : पक्षाने आपली हक्काची मतं आधी सांभाळावीत की नव्या मतदाराकडे जावं? परीक्षेत आम्ही दोन्ही बाजू लिहून सोडून देतो. मला तुमचं स्वतःचं उत्तर हवं.
– बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, साखळी

नव्याकडे जावं, असं माझं उत्तर आहे. पण जायचं तर त्याच्या दारापर्यंत पायी जावं. नुसती हाक मारून तो येत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली ३ जानेवारी २००८ ची रात्र घे, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याची. तिथे डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा पेटीत गुपचूप मत टाकत नसत. बर्फाच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी लोक शाळेच्या व्यायामशाळेत किंवा चर्चच्या दालनात जमायचे. डेमोक्रॅटिक पक्षाची तेव्हाची रीत अशी : ओबामांची माणसं एका भिंतीला, हिलरी क्लिंटन यांची दुसऱ्या, जॉन एडवर्ड्स यांची तिसऱ्या. मग डोकी मोजायची. ज्या गटात १५ टक्केही माणसं भरत नाहीत तो बहुतेक ठिकाणी मोडतो, आणि खरी गंमत तिथून पुढे. मोडलेल्या गटातल्या माणसाला शेजारी नावाने हाक मारतात, इकडे ये म्हणतात, हाताला धरून आपल्या भिंतीकडे नेतात. आपल्या ग्रामसभेत भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, समोर हात वर करताना माणूस कसा चुळबुळतो ते तू पाहिलं असशील. अगदी तसं.

अशा जागी नवखा येत नाही. सगळ्या गावासमोर उभं राहायचं, नियम ठाऊक नाहीत, दोन तास मोडणार. त्यामुळे तीच ती मुरलेली माणसं यायची आणि उमेदवारही त्यांनाच धरून राहायचे. ओबामांच्या कार्यकर्त्यांनी महिनोन् महिने घरोघर जाऊन ही रीत शिकवली. कुठे जायचं, किती वाजता, आत गेल्यावर कुठल्या भिंतीला उभं राहायचं, कोणी हात धरला तर काय म्हणायचं. सतरा वर्षांच्या पोरांनाही शिकवलं, कारण नोव्हेंबरपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर आयोवात त्यांनाही यात उभं राहता येतं. २००४ मध्ये तिथे सव्वा लाखाच्या आसपास माणसं जमली होती. २००८ मध्ये २ लाख ३९ हजारांच्या घरात. त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्यांदाच आलेली. ओबामांना ३८ टक्क्यांच्या जवळ मिळाले, बाकी दोघं तिशीच्या आसपास राहिले.

आता उलटं उदाहरण. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्स यांचा सगळा भर नव्या, तरुण मतदारांवर होता. आजवर न आलेले येतील आणि चित्र पालटेल, हाच त्यांचा हिशेब. न्यू हॅम्पशायर आणि नेवाडा त्यांनी जिंकलंही. मग साउथ कॅरोलायना आलं. तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय. हा त्या पक्षाचा सगळ्यात हक्काचा मतदार, मंदिराच्या पायरीसारखा कायम तिथेच असलेला आणि म्हणून पुष्कळदा गृहीत धरलेला. २६ फेब्रुवारीला तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी जो बायडेन यांना पाठिंबा दिला. तीन दिवसांनी बायडेन यांना जवळजवळ ४९ टक्के आणि सँडर्स यांना २० टक्के. त्यानंतरच्या मंगळवारी, ३ मार्चला, १४ राज्यांपैकी १० बायडेन यांच्याकडे गेली. तरुणांना आपण हवं तेवढं आणू शकलो नाही, हे सँडर्स यांनी दुसऱ्याच दिवशी सरळ कबूल केलं. त्या प्रांजळपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, पाहा, नवा मतदार येतच नाही. पण व्हर्जिनियाचे आकडे पाहा. २०१६ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिथे ८ लाखांच्या आत मतं पडली होती, २०२० मध्ये १३ लाखांवर गेली. नवी माणसं आली, खंडीभर आली. शहरालगतच्या वसाहतींतली, घरसंसारात रुळलेली, ट्रम्प यांना वैतागलेली. आणि त्यांनी मत दिलं बायडेन यांना. सँडर्स ज्या नव्या माणसाची वाट पाहत होते तो वेगळा होता, दारात आला तो वेगळा. 'नवा मतदार' असा एक कोणी नसतोच. म्हणून त्याच्याकडे जाऊन विचारावं लागतं.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मिसिसिपी, २०१४. थॅड कॉक्रन हे रिपब्लिकन पक्षाचे जुने सिनेटर. पहिल्या फेरीत ख्रिस मॅकडॅनियल या कट्टर उमेदवाराने त्यांना किंचित मागे टाकलं. पक्षाचा हक्काचा मतदार हातचा गेला होता. २४ जूनच्या दुसऱ्या फेरीआधी कॉक्रन यांच्या बाजूची माणसं थेट कृष्णवर्णीय वस्त्यांत गेली. ही सगळी एरवी डेमोक्रॅटिक पक्षाची मतं. पण त्या राज्यात नावापुढे पक्ष नसतो, त्यामुळे पहिल्या फेरीत डेमोक्रॅटिक मतपत्रिका न घेतलेल्या कोणालाही ही वाट मोकळी होती. कॉक्रन साडेसात हजारांच्या आसपास मतांनी निघाले. मॅकडॅनियल कोर्टात गेले, उपयोग झाला नाही. तोच उमेदवार, तोच पक्ष, पण न्यूयॉर्कसारखं बंद दार असतं तर कॉक्रन घरी बसले असते.

आणि हक्काचा मतदार म्हणजे दगडावरची रेघ असं समजू नकोस. आपल्याच गोव्याचं बघ. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोचा) पायाच गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. वेगळं राहण्याच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१, विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१ मतांचा. पक्षाची मुख्य मागणीच लोकांनी नाकारली. पक्ष संपला असं वाटावं, तर मार्च अखेरच्या निवडणुकीत ३० पैकी १६ जागा मगोला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. बहुजन समाजाचा माणूस त्या पक्षाबरोबर होता तो केवळ विलीनीकरणासाठी नव्हता. शाळा गावात आली म्हणून होता, कुळाला जमीन मिळेल म्हणून होता. हक्काच्या मतदाराकडेही जाऊन विचारावं लागतं, तू माझ्याबरोबर का आहेस?

प्रश्न : मी पेडण्यात एका पक्षाचं काम २२ वर्षं करतो. नाव छापू नका, पक्षाचंही. गेल्या वेळी तिकीट अशा माणसाला मिळालं ज्याच्या विरोधात मी तीन निवडणुका कोपरा बैठका घेतल्या होत्या. आम्हाला कोणी विचारलं नाही. अमेरिकेसारखी प्रायमरी आपल्याकडे का नाही?
– एक कार्यकर्ता, पेडणे

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण ते माझ्या घरातलंच आहे.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, २६ वर्षं एका पक्षाचा बूथ सांभाळायचा. पक्ष कोणता ते मीही लिहीत नाही. निवडणूक जवळ आली की रात्री जेवणं आटोपल्यावर सोप्यावर बसायचा. मतदार यादी दोऱ्याने शिवलेली, शेजारी लाकडी फूटपट्टी. पट्टी एकेका नावाखाली सरकवत जायचा. आपल्या मतापुढे तांबडी टीक, समोरच्याच्या मतापुढे निळी, आणि ज्याचं ठाऊक नाही त्याच्यापुढे पेन्सिलीने बारीकसं वर्तुळ. लग्न होऊन वाड्यावर आलेली सून, नोकरीला लागलेला मुलगा, भाड्याने राहायला आलेला कारवारकडचा माणूस, हे सगळे पेन्सिलीचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आधी पेन्सिलवाल्यांकडे जायचा. तांबड्या घरांत म्हणायचे, "तू आमच्याकडे आलासच नाहीस." मग तिकडेही जायचा, चहा घ्यायचा. हक्काची मतं आणि नवी मतं हा काय प्रकार आहे हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्या यादीवर पाहिलं आहे.

मग एका निवडणुकीला रात्री साडेनऊला फोन आला. उद्यापासून अमक्याचं काम करायचं. ज्याच्या घरच्या सात नावांपुढे दादाने वर्षानुवर्षं निळी टीक केली होती, तोच आता आपला उमेदवार. दादाने फोन ठेवला, यादीला दोरा गुंडाळला आणि ती कपाटात ठेवली. मतदानाच्या दिवशी मत देऊन आला, पण बाहेरच्या टेबलावर बसला नाही. कोणी विचारायलाही आलं नाही, याचं त्याला जास्त लागलं. ती यादी अजून त्याच कपाटात आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : आपल्या कायद्यात पक्षाने उमेदवार कसा निवडावा याला बंधन नाही. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे कळवणाऱ्या ए आणि बी फॉर्मवर सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तिकीट त्याच्या हातात. अमेरिकेतही हे पूर्वापार नव्हतं. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. आत पुढारी मंडळी ठरवत होती आणि बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते. त्या संतापातून पक्षाने समिती नेमली आणि नियम बदलले. त्या समितीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न. १९७२ मध्ये त्याच नव्या नियमांवर, युद्धविरोधी तरुणांच्या जोरावर ते उमेदवार झाले, आणि निक्सन यांच्याकडून ५० पैकी ४९ राज्यांत हरले. प्रायमरी आली की सगळं सुरळीत होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण दार उघडलं ते पुन्हा कोणी बंद केलं नाही.

आपल्याकडे एक प्रयत्न झाला होता. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने राहुल गांधींच्या पुढाकाराने मोजक्या मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडून मतदान घेऊन उमेदवार ठरवले. वडोदऱ्यात नरेंद्र रावत असे निवडून आले. पुढे तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार हे ठरलं, आणि रावत यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री आले. निवडलेला माणूस वरून बदलता येत असेल तर त्या निवडीला काय अर्थ राहिला?

आत बोलायला जागा नसली की हक्काचा माणूस बाहेर येऊन बोलतो. आपण त्याला बंडखोरी म्हणतो. १४ फेब्रुवारी २०२२ ची पणजी आठवा. भाजपने तिकीट दिलं बाबूश मोन्सेरात यांना, जे २०१९ मध्ये काँग्रेसमधून आले होते. मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल पर्रीकर अपक्ष राहिले आणि ७१६ मतांनी हरले. ७१६! भाजपच्या मतदारांचं मत आधीच घेतलं असतं तर कौल कोणाकडे गेला असता हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तेच माझं दुखणं आहे. विचारलंच गेलं नाही.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट. हक्काच्या कार्यकर्त्याचं म्हणणं ऐकावं म्हणजे नव्याला दार लावावं असं नाही. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी सहा ख्रिस्ती उमेदवार दिले. त्याआधी भाजपला मत न दिलेल्या पुष्कळ घरांत ते स्वतः गेले. सहाच्या सहा निवडून आले, पक्षाला २१ जागा, स्वतःच्या बळावर बहुमत. नवा मतदार आणायचा तर असा. पण सरकार आल्यावर इंग्रजी प्राथमिक शाळांचं अनुदान त्यांनी चालू ठेवलं, आणि ज्या हक्काच्या लोकांनी त्याच अनुदानाविरुद्ध रस्त्यावर घसा कोरडा केला होता, त्यांना ही पाठीत सुरी वाटली. मातृभाषेतल्या शिक्षणासाठी लढणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच पुन्हा उठला. २०१६ च्या ऑगस्टअखेर त्या मंचाचे नेते आणि गोव्यातले संघप्रमुख सुभाष वेलिंगकर यांना संघाच्या जबाबदारीवरून दूर केलं, त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला. २०१७ मध्ये त्या मंचाची एकही जागा आली नाही, पण भाजप २१ वरून १३ वर आला आणि मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्र्यात पडले. हे सगळं एका अनुदानामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण त्या काळात डिचोली-सत्तरीत, फोंड्यात घरोघर काय बोललं जात होतं ते मी ऐकलं आहे.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच व्हावं या बाजूची मी तेव्हाही होते, आजही आहे. तरीही ख्रिस्ती माणसाच्या घरी जाणं ही पर्रीकरांची चूक होती असं मला वाटत नाही. ते त्यांचं मोठं काम होतं. चुकलं ते हे की जुन्या माणसांना समोर बसवून, शिव्या खाऊन, आपण काय करणार आहोत ते निवडणुकीआधी स्पष्ट सांगितलं नाही. आपल्याकडे प्रायमरी असती तर ते भांडण २०१२ च्या आधी, पक्षाच्या अंगणात झालं असतं. कदाचित पर्रीकर जिंकले असते, कदाचित वेलिंगकर. पण हरलेल्याला आपल्याला विचारलं होतं एवढं तरी म्हणता आलं असतं.

प्रश्न : प्रायमरीत एक बोलायचं आणि मुख्य निवडणुकीत दुसरं, ही फसवणूक नाही का?
– निवृत्त पोस्टमास्तर, मडगाव

दुसरं बोलणं फसवणूक नाही, उलट बोलणं फसवणूक आहे. असा फरक मी करते.

२०१२ मध्ये मिट रॉम्नी रिपब्लिकन प्रायमरीत होते. मुळात मध्यममार्गी माणूस, मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर. पण समोरचा मतदार कट्टर, म्हणून बेकायदा स्थलांतरितांचं जगणं इतकं अवघड करू की ते आपणहून निघून जातील, अशा अर्थाचं बोलून बसले. मार्चमध्ये त्यांच्या सल्लागाराला टीव्हीवर विचारलं, आता मुख्य निवडणुकीचं काय? तो म्हणाला, ते हलवली की पुसली जाते त्या मुलांच्या चित्रपाटीसारखं असतं, पुन्हा नवं काढायचं. तो बोलून गेला आणि पाटी मात्र कोरी झाली नाही. लॅटिन अमेरिकी मुळाच्या, म्हणजे लॅटिनो, मतदारांनी त्यांचे शब्द नोव्हेंबरपर्यंत लक्षात ठेवले. पुढच्या वर्षी पक्षाने स्वतःच अहवाल काढला की या समाजापर्यंत पोचायला हवं. २०१६ मध्ये ट्रम्प बरोबर उलट दिशेला गेले आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनमधल्या, कॉलेजात न गेलेल्या गोऱ्या कामगारांची नवीच मतं आणून जिंकले. म्हणजे अहवालातला नवा मतदारही वेगळाच निघाला.

आपल्याकडचा उमेदवार एका वाड्यावर मराठीत बोलतो, दुसऱ्यावर कोंकणीत, सासष्टीत रोमी लिपीतलं पत्रक वाटतो. त्यात मला काही गैर दिसत नाही. माणसाशी त्याच्या भाषेत बोलावं. एका वाड्यावर खाण सुरू करतो म्हणायचं आणि दुसऱ्यावर बंद करतो म्हणायचं, हे गैर. आणि आता मोबाईलमुळे दोन्ही वाडे दोन्ही भाषणं ऐकतात.

प्रश्न : मला नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षं पूर्ण होतील. आयोवातल्यासारखं मला आधी काही करता येईल का?
– बारावीची विद्यार्थिनी, वाळपई

मत नाही, पण नाव आधी देता येतं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नोव्हेंबरमध्ये अठरा पूर्ण होतात म्हणजे तुझी तारीख पुढची १ जानेवारी, आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. सहा नंबरचा फॉर्म, फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. तुझ्या वाड्याचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा बूथचा अधिकारी, बहुधा शाळेतला शिक्षक किंवा अंगणवाडीची बाई असेल, घरी विचार म्हणजे नाव कळेल. त्या फॉर्मवर पक्षाचा रकाना नसतो. यादी निघाली की आपलं नाव स्वतः पाहून ये. आडनावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, घर क्रमांक तपास. कोणीतरी फूटपट्टी घेऊन ते नाव वाचणार आहे आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने वर्तुळ काढणार आहे.